अ‍ॅलिसचं नाव

(सॉमरसेटमधली एल्मस्टो प्रायरी. कधीकाळी मठ, आता ब्लेक कुटुंबाचं राहतं घर. जूनमधली दुपार. छप्पर उडालेल्या जुन्या प्रार्थनाघरात हेस्टर ब्लेक उन्हात खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांची विधवा सून ऑड्री समोरच्या गवतात, भिंतीच्या सावलीत उभी आहे.)

हेस्टर : थांब. पुन्हा पहिल्यापासून.

ऑड्री : आता काय चुकलं?

हेस्टर : ते तुझं तू शोध. आणि जरा मोठ्यानं. उद्या पुढे मिसेस टपर बसणार. तिला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं फक्त लोकांच्या चुका ऐकू येतात.

ऑड्री : हेस्टर, उद्या तुम्हीच बोला ना. खुर्चीसकट उचलून आणते तुम्हाला.

हेस्टर : बसून घेतलेली नावं गावाला चालत नाहीत, आणि माझ्या कंबरेला उभं राहणं चालत नाही. संत जॉनच्या दिवशी घरच्या माणसानं वेदीच्या जागी उभं राहायचं आणि या घराची किल्ली ज्याच्या ज्याच्या हातात गेली त्याचं नाव घ्यायचं. एक जरी गळलं तर दंड म्हणून गावाला सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं, पिंप द्यायचं. माझ्या सासऱ्यांनी एकदा एक नाव गाळलं होतं. दुसऱ्या दिवशी गावात गायींची धार काढायला माणूस शुद्धीवर नव्हता. चल.

ऑड्री : ‘एल्मस्टोच्या लोकहो, ऐका. सर ह्यू लढाईवरून तापानं फणफणत परतले. जगलो तर देवाला घर बांधीन, असं बोलले. जगले. त्यांनी हा मठ बांधला आणि किल्ली साधूंच्या हाती दिली.’

हेस्टर : छान. साधूंची फार स्तुती करत बसू नकोस. सकाळी प्रार्थना करायचे आणि दुपारी शेजाऱ्यांच्या तळ्यातले मासे धरायचे.

ऑड्री : ‘मग राजा हेन्रीनं मठ मोडले. राजाची माणसं आली. छपराचं शिसं उतरवलं, घंटा वितळवल्या. मठाधिपती फादर ऑस्विन यांनी याच दारात उभं राहून शाप दिला, की हे घर जो घेईल त्याची किल्ली बापाकडून मुलाकडे कधी जाणार नाही.’

हेस्टर : इथं जरा थांबायचं. पोरं घाबरतात, त्यांना तेच हवं असतं.

ऑड्री : ‘सर राल्फ टॅरंट यांनी घर विकत घेतलं. जेवणघराचा दिवाणखाना केला आणि साधूंच्या सभागृहात गायी बांधल्या. त्यांचा मुलगा विल्यम ऐन तिशीत वारला. म्हातारे राल्फही मागोमाग गेले. त्यानंतर किल्ली गेली टोबायसकडे...’

हेस्टर : थांब.

ऑड्री : काय?

हेस्टर : तिसऱ्यांदा तिथंच. विल्यम गेला आणि एकदम टोबायस? टोबायस काय तळ्यातून वर आला? विल्यमनंतर किल्ली कुणाकडे होती?

ऑड्री : ...अ‍ॅलिसकडे. विल्यमच्या बायकोकडे.

हेस्टर : लग्न होऊन आलीस त्या वर्षी तुला ही सगळी नावं पाठ होती. माझा जाइल्स तर तुला झोपेतून उठवून विचारायचा. त्यातलं नेमकं अ‍ॅलिसचं नाव तू कशी विसरतेस?

ऑड्री : ऊन लागतंय. डोकं चालत नाहीये.

हेस्टर : ऊन माझ्या अंगावर आहे, तू सावलीत उभी आहेस. बरं, अ‍ॅलिसनं पुढं काय केलं, ते सांग.

ऑड्री : तुम्हाला माहीत आहे.

हेस्टर : मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

ऑड्री : तिनं दुसरं लग्न केलं. इथल्या कारभाऱ्याशी, जॉन फेअरब्रदरशी.

हेस्टर : मग ते उद्या सांगायला लाज कसली? चारशे वर्षं दरसाल सांगतोय आपण.

ऑड्री : लाज नाही. हेस्टर, चहा घ्यायला आत जाऊ या का? स्कोन गार होतील.

हेस्टर : होऊ देत. ऑड्री, आपली शेळी आजारी आहे का गं?

ऑड्री : शेळी?

हेस्टर : नाही, म्हणजे मि. प्रिड फार येतात तिला बघायला. मंगळवारी आले, शुक्रवारी आले, रविवारी तर चर्चमधून थेट आले. जनावरांचा डॉक्टर चांगला टाय बांधून शेळीचे खूर तपासतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. शेळी तर चांगली ठणठणीत आहे. परवा तिनं माझी टोपी खाल्ली.

ऑड्री : तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?

हेस्टर : तू स्वयंपाकघरात गुणगुणायला लागलीस तेव्हापासून. जाइल्स गेल्यावर या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. मी जिन्यात बसून ऐकत होते. चहा करपेपर्यंत, असं म्हणणार होते, पण चहा करपत नाही. टोस्ट करपला.

ऑड्री : मी सांगणार होते. रोज ठरवायचे. रोज तुम्ही जाइल्सचा चहाचा मग धुऊन पुन्हा खुंटीला लावायचात, आणि माझी जीभ उचलायची नाही.

हेस्टर : मग आता उचल.

ऑड्री : वॉल्टर प्रिडनं मला मागणी घातली आहे. मी हो म्हटलंय. त्याला उत्तरेकडे, नॉर्दम्बरलंडमध्ये काम मिळतंय. सप्टेंबरमध्ये आम्ही जाऊ.

हेस्टर : त्याला इथं काम नाही? सॉमरसेटमधल्या गायी मेल्या का सगळ्या?

ऑड्री : ते काम मी मागायला लावलं. तो इथंच राहायला तयार होता.

हेस्टर : तू लावलंस.

ऑड्री : मग काय करू? जाइल्सच्या घरात, जाइल्सच्या आईसमोर, दुसऱ्या माणसाला न्याहारीला बसवू? तो जाइल्सच्या खुर्चीत बसला की तुम्ही तोंड फिरवाल आणि मला काही म्हणणारही नाही. ते मला सोसायचं नाही. त्यापेक्षा लांब गेलेलं बरं. तुम्ही घर विकत मागणाऱ्या त्या हॉटेलवाल्यांना देऊन टाका. ते तुम्हाला खालची खोली कायमची देतायत.

हेस्टर : अ‍ॅलिसची सासू कोण होती, ठाऊक आहे?

ऑड्री : लेडी मार्जरी. पण तिचं नाव घ्यायचं नसतं.

हेस्टर : नसतं, कारण किल्ली तिनं स्वतःकडे ठेवली नाही. नवरा गेला, मुलगा गेला. नातेवाईक दारात येऊन बसले, की सून आता कारभाऱ्याशी लग्न करतेय, तिला काढा बाहेर, घर आम्हाला द्या. मार्जरीनं काय केलं? लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांसमोर कमरेची किल्ली काढली आणि अ‍ॅलिसच्या हातात ठेवली. गाव वर्षभर तोंडाला येईल ते बोललं. पुढं त्याच गावानं जॉननं बांधलेल्या पुलावरून गाड्या नेल्या.

ऑड्री : हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

हेस्टर : माझ्या सासूनं मला सांगितलं होतं. सुनेला सांगायची गोष्ट आहे ती, गावाला सांगायची नाही. आणि फादर ऑस्विनचा शाप नीट ऐक. बापाकडून मुलाकडे जाणार नाही, एवढंच म्हणाला तो. बिचाऱ्याला बायकांची काय कल्पना असणार, मठात राहिला जन्मभर. सुनेकडे जाणार नाही, असं कुठं म्हणालाय? टोबायस अ‍ॅलिसचा आणि त्या कारभाऱ्याचा मुलगा, आणि पुढं मुलींच्या सासरचं नाव लागून झालेले आपण सगळे ब्लेक त्याचेच वंशज. जाइल्सचं ते मोठं नाक टॅरंटचं नव्हतं. फेअरब्रदरचं होतं.

ऑड्री : तो चिडायचा नाकावरून.

हेस्टर : फार चिडायचा. लहानपणी रात्री चिमटा लावून झोपायचा, म्हणजे नाक बारीक होईल. ...थांब, रुमाल दे मला. नाही, रडत नाहीये. आता रडतेय.

ऑड्री : हेस्टर, मी कुठं जात नाही. वॉल्टरला सांगते, राहू दे लग्न.

हेस्टर : मूर्ख आहेस का? लग्न राहू दे असं कोण म्हणालं? नॉर्दम्बरलंड राहू दे. घर तुझ्या नावावर करायला मी वकिलाला बोलावलंय, पुढच्या आठवड्यात येईल. हॉटेलवाल्यांना मी कालच चहा न देता परत पाठवलं. वॉल्टरला न्याहारीला बसव. जाइल्सच्या खुर्चीत बसव. खुर्ची आहे ती, समाधी नाही.

ऑड्री : तुम्हाला वाईट नाही वाटणार?

हेस्टर : वाटेल ना. तो जाइल्सचा मग हातात घेईल, तेव्हा वाटेल. एखादे दिवशी तुम्ही दोघं हसाल, तेव्हा तर फारच वाटेल. त्या दिवशी तू इथं, माझ्याजवळ असायला हवीस, नॉर्दम्बरलंडमध्ये नाही.