मासवणच्या बुधीने परत नेलेले रक्त

मी श्रीमती प्रेमला बळवंत चुरी, वय ६३ वर्षे, व्यवसाय चिकूवाडी व घरकाम, रा. चिंचणी. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

पालघरच्या विद्यापीठ केंद्रात माणसांवर होणारे संशोधन नीतीला धरून होते की नाही, हे पाहणारी समिती आहे. तीत मी सामान्य नागरिक म्हणून सदस्य आहे. मी सातवी शिकले. बाकीचे वाचनालयात वाचले.

गरीब देशांतल्या विद्यापीठांत अशा समित्या कितपत चालतात, हे तपासणारे पाहुणे काल आले होते. केंद्रप्रमुख कृष्णकांत सर त्यांच्याबरोबर कार्यालयात होते. मी प्रयोगशाळेत होते. त्या वेळी मासवणची बुधी सुका वरठा तिथे आली. पिण्याच्या पाण्यावरील संशोधनासाठी तिने रक्त दिले होते. ती विद्यार्थिनी स्वातीला म्हणाली, "पोरी, माझा रगत परत दे. फ्रीजमदी थंडीत पडलाय."

स्वाती म्हणाली, "आजी, असं कुणी परत मागतं का?"

"तुमीच बोलल्या ना, कदीपन नाय बोलता येल?"

स्वातीने माझ्याकडे पाहिले. रक्त देणाऱ्याला केव्हाही, कारण न सांगता माघार घेता येते, हे मासवणला बुधीच्याच अंगणात मी सर्वांना सांगितले होते. मी म्हटले, "दे." स्वातीने बाटली काढून दिली. बुधीने ती पदरात गुंडाळली. मी तिला एसटीत बसवून दिले व घरी गेले.

नंतर पाहुण्यांसमोर मोजताना एक बाटली कमी भरली. स्वाती घाबरून गप्प राहिली. रखवालदाराने बुधीचे नाव सांगितले, म्हणून सरांनी चोरीची तक्रार दिली. आज सकाळी बुधीला ठाण्यात आणले. सर भले आहेत. ते इथेच मला म्हणाले, "प्रेमलाताई, माघार घेतली की आम्ही रक्त नष्ट करतो, हातात देत नाही! आणि नेमकं पाहुण्यांसमोर?" मी म्हटले, "सर, ते तेच बघायला आलेत." सरांना हसू आले.

मी बुधीच्या बाजूने का बोलते, असे विचारल्यावरून सांगते की, माझे पती कै. बळवंत तारापूरला कारखान्यात होते. त्यांचेही रक्त तपासणीला नेले होते. काय निघाले ते सांगायला कोणी आले नाही. याबाबत माझी तक्रार नाही.

बुधीने चोरी केलेली नाही. स्वातीचाही दोष नाही. द्यायला मी सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. माझ्या विनंतीवरून तो बाहेर बाकावर बसलेल्या बुधीलाही वाचून दाखवला. तिने एवढेच घालायला सांगितले की, रगत तिचा होता, तो तिने शेवग्याच्या मुळाशी ओतला. बाटली कॉलेजची हाय. ती धुऊन आणलीय.

बाटली टेबलावर ठेवली आहे.