कावळ्याला हिमाचल चालत नाही

आता मला एक सांगा, कावळ्याला हिमाचल प्रदेश कळतो का? नाही, तुम्हीच सांगा! तुम्ही शिकलेली माणसं, मी आपला दहावी नापास, तेही दोनदा, माझं सोडा... पण कावळा! खाडीवर कचरा उपसून खाणारा कावळा, आणि त्याच्यासमोर हात जोडून आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी श्यामकांत काका, बँकेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस, मोठमोठ्याने ओरडतोय, "देवेश, तुला हिमाचलला नेतो रे! सिमला, मनाली, सगळं फिरवून आणतो!" आणि कावळा? कावळा बसलाय. भिंतीवर. मान तिरकी करून.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगा वेडा झालाय. झालोय थोडा. पण ते नंतर.

देवेश म्हणजे माझा दादा. वय छत्तीस. आमच्या मुलुंडलाच एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. एका मंगळवारी मशीनवर उभा असताना म्हणाला, "छातीत कसंतरी होतंय रे," आणि स्टुलावर बसला. बस, एवढंच. उठलाच नाही. मला फोन आला तेव्हा मी सलूनमध्ये होतो, अर्धी दाढी झालेली, अर्धी व्हायची. तसाच पळालो हॉस्पिटलात. आणि आमच्यात दहा दिवस दाढी करत नाहीत! म्हणजे तुम्हाला सांगतो, दहा दिवस मी एका बाजूने शाळकरी पोरगा आणि एका बाजूने साधू. लोक भेटायला यायचे, आधी रडायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग पटकन पदर तोंडाला लावायचे. रडतायत की हसतायत, मला काय कळत नाही? दादा असता ना, तर सगळ्यात जास्त तोच हसला असता.

दादाला एक खोड होती. संध्याकाळी कारखान्यातून आला की बिल्डिंगच्या पंपरूमजवळच्या बाकावर बसायचा आणि भांडण लावायचा. कसं? तर हळूच विचारायचा, "काय काका, राहायला कुठलं राज्य बेस्ट? आणि फिरायला कुठलं?" झालं! काडी टाकली की हा मागे टेकून बसायचा, चहा प्यायचा. श्यामकांत काका लगेच, "हिमाचल! तिथली माणसं किती साधी, किती प्रेमळ!" पहिल्या मजल्यावरच्या नंदा मावशी म्हणायच्या, "काका, तुम्ही चार दिवस हॉटेलात राहिलात. गिऱ्हाइकाशी वेटर प्रेमळ नाही वागणार तर काय कानाखाली मारणार? राहावं तर केरळात! सगळे शिकलेले, रस्त्यावर एक कागद नाही!" मग तिसऱ्या मजल्यावरचा चंद्रप्रकाश. त्याचं राज्य दर आठवड्याला बदलतं, कारण तो मोबाईलवर व्हिडिओ बघतो. एक आठवडा सिक्कीम, एक आठवडा मेघालय, स्वतः मात्र घाटकोपरला सासुरवाडीला जायचं म्हटलं तरी त्याला उलटी होते. आणि आमचा गुणाजी मामा कधी कोकणातून आला असला की बाकावर हात आपटून, "मेल्यांनो, सिंधुदुर्गासारखा राज्य नाय खंय!" "मामा, तो जिल्हा आहे." "तुमका जिल्हो! माका राज्यच!"

आणि दादाचं स्वतःचं राज्य कुठलं? कधी बोललाच नाही. गेलाही नाही कुठे. बायकोला, म्हणजे मानसी वहिनीला, लग्नात म्हणाला होता दर वर्षी एक राज्य दाखवतो. आठ वर्षं झाली, एक नाही. का? मी! दर वर्षी रजा टाकायचा आणि दर वर्षी मी काहीतरी करायचो. एक वर्ष पाय मोडला. एक वर्ष मालकाच्या शर्टावर चहा ओतून नोकरी सोडली. एक वर्ष तर मी लग्न ठरवून आलो, फक्त मुलीला आणि मुलीच्या घरच्यांना सांगायचं राहिलं होतं. दादाची रजा माझ्यातच संपायची. पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून मला म्हणायचा, "सौऱ्या, तूच माझं काश्मीर रे."

तर आता दहाव्याचं ऐका. खाडीकडच्या एका देवळामागे ओटा आहे, तिथे सगळे विधी करतात. माझं मुंडण झालं, म्हणजे ती साधूची बाजू एकदाची गेली. भाताचा पिंड ठेवला. आता कावळ्याने येऊन घास शिवायचा. शिवला की समजायचं, गेलेल्याचं मन शांत. नाही शिवला की समजायचं, याचं काहीतरी राहिलंय, आणि मग मागच्यांनी शब्द द्यायचा की बाबा तुझं ते आम्ही करू, तू जा.

आता मुलुंडात कबुतरं पाहिजेत तेवढी घ्या. पिंड ठेवल्या ठेवल्या चाळीस कबुतरं हजर! नंदा मावशी छत्री घेऊन त्यांच्यामागे, "हाड्! हाड्! तुमचं नाही ते!" आणि कावळा एकच. भिंतीवर. बसलाय.

गुरुजी घड्याळ बघतायत. म्हणाले, "मला बाराला भांडुपला दुसरा दहावा आहे. अर्धा तास बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात चालतं." आई इतका वेळ दगडावर बसली होती. ती म्हणाली, "गवताचा कावळा? माझ्या लेकाला गवताचा कावळा? खरा येईपर्यंत मी इथून उठणार नाही. पाणीपण घेणार नाही." आणि आई नाही म्हणाली की नाही. दहा दिवसांत तिने धड दोन भाकऱ्या खाल्ल्या नव्हत्या. बरं, ऊन असं की ओट्यावर पापड ठेवला तर भाजेल.

गुणाजी मामा म्हणाला, "तेच्या मनात कायतरी रवलाहा. शब्द देवा कोणीतरी!" मग आईने हात जोडले, "देवेश, मानसीला लेकीसारखी सांभाळीन रे." कावळा बसलाय. वहिनी म्हणाली, "आईंची औषधं मी वेळेवर देईन." कावळा बसलाय. आणि तेवढ्यात हे श्यामकांत काका पुढे झाले! "मला माहितेय काय राहिलंय. मला खाजगीत म्हणाला होता तो. म्हणाला, काका, कोणाला बोलू नका, पण माझ्या मनात हिमाचलच आहे." आणि दिला की हो शब्द, सिमला मनाली जेवणखाणासकट!

नंदा मावशींनी छत्री खाली टाकली. "काहीतरीच काय काका! देवेश मला जिन्यात म्हणाला होता, मावशी, बाकीच्यांचं सोडा, केरळच बेस्ट. आईशपथ!" गुणाजी मामा उसळला, "माका फोनवर सांगल्यान, मामा, शेवटाक मी सिंधुदुर्गातच येतलंय!" चंद्रप्रकाश म्हणाला, "मला तर तो सिक्कीम बोलला होता... का मेघालय बोलला... ज्या आठवड्यात जे होतं ते बोलला होता."

आणि तुम्हाला सांगतो, तिथे मला कळलं! ह्या माणसाने, माझ्या दादाने, बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन त्याचंच राज्य सांगितलं होतं! म्हणजे बाकावर भांडण लावायचं ते लावायचं आणि वर प्रत्येकाला खात्री की देवेश आपल्या पार्टीचा! मला असलं हसू फुटलं... भावाच्या पिंडासमोर, टकलावर ऊन घेत, मी खो खो हसतोय. आईने असं बघितलं ना! गुरुजी म्हणाले, "होतं असं दुःखात." काय होतं असं? हसू होतं ते! मग त्याचं कधी रडं झालं ते मला समजलं नाही. डोळे पुसले तर हाताला सगळा भात लागलेला, तो नाकाला चिकटला. आता माझ्या नाकावर पिंड! कबुतरं माझ्याकडे बघायला लागली!

आणि कावळा? बसलाय.

तर सगळे माझ्यावर, "तू सख्खा भाऊ, तू बोल ना! तुला काय म्हणाला होता?"

आता इथे खरी गोम आहे. मला काय म्हणाला होता, ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं. तुम्हाला सांगतो, पण आईकडे बोलू नका. माझा शाळेतला दोस्त विकी गोव्यात एका हॉटेलात कामाला आहे. तो बोलला, इकडे ये यार, झकास आहे, समुद्र आहे, डोक्यावर कोणी नाही. मी तिकीट काढून टाकलं. दादाला रविवारी सांगितलं. वाटलं ओरडेल, कानाखाली देईल. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "जा. पण आईला तू सांगायचं." बस. सोमवारी आम्ही बोललो नाही. मंगळवारी तो स्टुलावर बसला.

आणि तिकीट कधीचं? तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाचं! मुद्दाम नाही हो, देवाशपथ, आधीच काढलेलं! मी काय तारखा बघून काढलं होतं? पण खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये तिकीट, समोर आई दगडावर, आणि तो कावळा भिंतीवरून सरळ माझ्या खिशाकडे बघतोय. बघतच होता! तुम्ही नव्हता तिथे!

मी म्हटलं, राज्यंच पाहिजेत ना, घे. हात जोडले आणि सुरू. "दादा, पंजाबला नेतो, लस्सी पाजतो!" बसलाय. "राजस्थान! उंटावर बसवतो!" बसलाय. "बिहार! ओडिशा! झारखंड!" गुरुजी मध्येच, "जरा श्वास घ्या." "छत्तीसगड!" छत्तीसगडला त्याने पंख खाजवला, सगळे "अरे अरे अरे" करत पुढे सरकले, पण नाही, खाजवून परत तसाच. "त्रिपुरा! नागालँड!" मागून श्यामकांत काका हळूच, "मणिपूर राहिलं." "मणिपूर!" भूगोलात मला शंभरात अकरा होते, पण त्या दिवशी मी अख्खा देश बोललो. सगळी राज्यं बोललो. एक सोडून. ते तोंडातून बाहेर येईना.

गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला. आई ओरडली, "खबरदार!" आणि उठायला गेली, पण तिला उठताच येईना. दोन्ही हात टेकले तरी उठता येईना. वहिनी एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरलं. तुम्हाला सांगतो, काही वजनच लागलं नाही हो हाताला. आणि मला दिसलं, मी तिकडे गेलो की ही बाजू रिकामी.

मी तिचा हात सोडला नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच, ओठातल्या ओठात, म्हटलं, "नाही जात गोव्याला. आता तरी ये ना रे."

आणि नेमक्या त्याच क्षणाला, अगदी त्याच, मागून चंद्रप्रकाश अंगात आल्यासारखा ओरडला, "अंदमान!"

फडफड! कावळा खाली, पिंडात चोच, मोठा घास, आणि गेला उडून!

आई मोठ्याने रडली. गुरुजींनी दर्भ आत ठेवला. आणि नंदा मावशी ओरडल्या, "अंदमानला आला! अंदमान होतं हो त्याच्या मनात!" चंद्रप्रकाशची छाती ही एवढी! काल पाहिलेला व्हिडिओ होता त्याचा, दुसरं काही नाही! श्यामकांत काका म्हणाले, "पण अंदमान राज्यच नाही, केंद्रशासित प्रदेश आहे, हे धरताच येणार नाही." मामा म्हणाला, "कावळ्यान धरल्यान, तू कोण रे?" तिथे, पिंडासमोर, आठ वर्षांचं बाकावरचं भांडण परत पेटलं आणि मागे टेकून चहा प्यायला दादा तेवढा नव्हता.

आता मला सांगा, मी काय बोलणार? की थांबा, कावळा अंदमानला नाही, माझ्या बोलण्याला आला? मग बोलणं काय होतं ते सांगावं लागणार. आईला धरून रिक्षाकडे निघालो.

येताना आई मामाबरोबर पुढच्या रिक्षात, मी आणि वहिनी मागच्या. वहिनी बाहेर बघत म्हणाली, "भावजी, गोव्याचं तिकीट रद्द केलंत का?" मी उडालोच! "तुम्हाला कोणी सांगितलं?" "ह्यांनी. रविवारीच." "मग काय म्हणाला तो? रागावला होता ना?" वहिनी म्हणाली, "छे! म्हणाले, जाऊ दे त्याला, एक तरी जण घरातनं कुठेतरी जाऊ दे. फक्त त्याला पोहता येत नाही, तेवढी काळजी वाटते."

घ्या! म्हणजे त्याला मी जायला हवं होतं! मी म्हटलं, "वहिनी, मग मी नाही जात म्हटल्यावर कावळा आला कशाला?" वहिनीने माझ्याकडे बघितलं, दहा दिवसांत पहिल्यांदा जरा हसली, म्हणाली, "भावजी, साडेअकरा वाजले होते. भूक लागली असेल त्याला."

आता दिलेला शब्द परत घ्यायचा तर कोणाकडून घ्यायचा? विकीला कळवून टाकलं, येत नाही. त्याने मला काय शिवी दिली ते इथे सांगत नाही. त्याच कारखान्यात जातोय सोमवारपासून, हेल्पर म्हणून. लेथवर नाही बसवत मला. शहाणे आहेत.

आणि अंदमान? आई म्हणते, गेलेल्याला दिलेला शब्द मोडायचा नसतो. मी म्हटलं, चंद्रप्रकाशने दिलाय, मी कशाला? तर म्हणे घास तुझ्या हातचा होता. श्यामकांत काकांनी ग्रुप उघडलाय मोबाईलवर, "देवेशचे अंदमान". वहिनी, आई, मी आणि बिल्डिंगची अकरा माणसं. हिमाचलवाले, केरळवाले, सगळे एकाच बोटीत, आणि आत्तापासून भांडण सुरू, की अंदमानच्या समुद्रापेक्षा केरळचा बरा. चंद्रप्रकाश म्हणतोय आता त्याचं मन लडाखकडे वळलंय! मला पोहता येत नाही हे वहिनीने आईला सांगितलं, तर आईने माझ्यासाठी ट्यूब घेऊन ठेवलीये, बदकाच्या तोंडाची, लहान मुलांची.

आणि काल कहर! गुरुजींचा फोन. म्हणाले, "सौरभ, ऐकलं मी तुमचं अंदमानचं. आमच्या हिची फार इच्छा आहे. दोन माणसं जास्त चालतील का?"

मी म्हटलं, "गुरुजी, माझ्या हातात काही राहिलं नाही हो. कावळ्याला विचारून सांगतो."