आमचीही आई

हॅलो?… हो, बोल ताई… नाही गं, झोपले कुठली! थांब, जरा गॅलरीत येते. आईचे कान इकडेच आहेत…

हां, बोल आता… नाही. आजही नाही आली सिस्टर… एकोणीस दिवस झाले, ताई… मी कशाला मोजू? आईच्या पायाच्या पट्टीवरच लिहिलंय ना! निळ्या पेनाने तारीख, खाली तिची सही. दर वेळी लिहिते ती. म्हणजे, लिहायची.

हो, केला ना फोन. आधी ऑफिसात, मग तिला… रडत होती बिचारी. सरकारने बजेटमध्ये घरभेटीच बंद करून टाकल्यात म्हणे. तिला निदान एका ओळीचं पत्र तरी आलं. आपल्याला तेवढंही नाही.

अगं ऐक ना… ताई, ऐक तर! मी काय हातावर हात ठेवून बसलेय का? दवाखान्यात जाऊन आले मी. तर म्हणे, तुमचं नाव घरभेटीच्या यादीत, इथे तुमचा केसपेपर नाही. नवा काढायचा तर पेशंट समोर हवा… हो, आणि पेशंट काय म्हणते माहितीये? "आज सिस्टरचा वार. मी गेले आणि सिस्टर आली म्हणजे?"… सांगते गं, रोज सांगते, ती येणार नाही म्हणून! पण आपलं एकच पालुपद. "चौकात माझा एवढा मोठा फोटो लावलाय, ते मला विसरतील होय?"

हो, तोच. अजून तसाच आहे. निळ्या स्वेटरमध्ये आई हसतेय, सिस्टरने तिचा हात हातात घेतलाय, आणि वर ही एवढाली अक्षरं, 'तुमची आई, आमचीही आई'… आमचीही आई म्हणे! जळलं मेलं तुमचं आईपण!

माहितीये मला. मीच सही केली होती त्या फोटोच्या परवानगीच्या कागदावर. स्वेटर मीच घातला, केस मीच विंचरले. आणि नुसतं तेवढंच नाही, निवडणुकीला अख्ख्या बिल्डिंगभर सांगत फिरले, यांनाच मत द्या, ही माणसं शब्दाला जागतात. आता जिन्यात कुणी दिसलं की खाली मान घालून जाते. खालची शिवणवाली परवा विचारते, "काय गं, आमचीही आई कशी आहे?" धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

ऐकलं मी बजेटचं भाषण… हो, 'थोडं सोसू, पुढे जाऊ.' आता ही नवी घोषणा. सोसायचं आम्ही, पुढे जायचं यांनी… तू हसू नकोस गं, फसवलंय आपल्याला. चक्क फसवलंय.

मी सोडू पट्टी? हात लावू देईल तर ना! मागे मी शहाणपणा करून घरातली पावडर भुरभुरवली, जखम चिघळली, आठवतं? सिस्टर केवढी डाफरली होती माझ्यावर! तेव्हाच आईला बजावून गेली, मी आल्याशिवाय पट्टी सोडायची नाही, लेकीनेसुद्धा नाही. झालं. आईसाठी ती काळ्या दगडावरची रेघ.

ताई… वास येतोय गं… कालपासून. खिडक्या उघड्या टाकल्यात मी… हो ना, डॉक्टर मागेच म्हणाले होते, आणखी वाढलं तर पाय वाचवणं कठीण… रडू नकोस. तूच रडायला लागलीस तर मी कुणाकडे बघायचं?

थांब. बेल वाजली… ऐकलंस? आई ओरडतेय, "सिस्टर आली, दार उघड!" ठेवू नकोस हं…

कोण पाहिजे?… हो, हेच घर… कसला फोटो?

ताई, आहेस ना? अगं, फोटोवाला आलाय! मागचाच! नव्या घोषणेलाही आईच हवीय त्यांना. चेहरा लोकांच्या ओळखीचा झालाय म्हणे… 'थोडं सोसू'च्या खाली आपल्या आईचं हसू!… त्याला काय बोलणार? नोकरी करतोय तो. घरभेटी बंद झाल्यात, हेसुद्धा त्याला ठाऊक नाही…

शू… आई विचारतेय त्याला, सिस्टर कुठाय… तो म्हणतो, "या वेळी सिस्टर नकोय, आजी. तुम्ही एकट्याच. वरून तसंच सांगितलंय."

…

आहे गं, इथेच आहे. आई त्या पट्टीवरच्या तारखेकडे बघत बसलीय… ताई, मी इतके दिवस कंठशोष केला, आणि तिला कळलं ते या माणसाच्या एका वाक्याने.

काय, आई?… काय म्हणालीस?

ताई… ती म्हणतेय, काढू दे त्याला फोटो. चेहऱ्याचा नाही. पायाचा… हो गं, खरंच! कात्री मागतेय माझ्याकडे. म्हणते, "ये, सोड पट्टी. मग ने मला कुठे न्यायचं तिथे."… तो? तो उभाच आहे… नाही, गेला नाही. कॅमेरा काढतोय बॅगेतून.

तू सरळ दवाखान्यात ये. ठेवते मी. मला दोन्ही हात लागतील.