टेबलाची फट

सून: बाबा, बोट लावू नका.

सासरे: लावलं. चिकटतंय. काल सकाळी फटीत ओतलंस ना? माझा सरस एव्हाना दगड झाला असता.

सून: पण इथे एवढा गारठा कसा? हीटर लावून, दार ओढून गेले होते मी. खिडक्या कोणी उघडल्या?

सासू: माझ्याकडे बघू नकोस. या थंडीत माझे गुडघे जिना उतरत नाहीत. आत्ता उतरले तेच नशीब.

सासरे: मी उघडल्या, पहाटे. वारा लागल्याशिवाय काही वाळतं का? जन्मभर पॉलिश असंच वाळवलं. म्हटलं, पोरीला तेवढीच मदत.

सासू: झाली की मदत.

सून: बाबा, हे वाळत नाही हो. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की दोघं आपसांत तापतात आणि घट्ट होतात. त्यांना वारा नको, ऊब हवी. म्हणून तर ओतायच्या आधी बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या होत्या.

सासरे: मग वरून आणखी थोडा हार्डनर टाक.

सून: माप सोडून टाकला तर कायमचं चिकटच राहील.

सासरे: म्हणजे मीच वाटोळं केलं. उद्या हॉटेलवाल्या बाई टेबल विकत घ्यायचं का ते बघायला येणार. त्यांनी नाक मुरडलं की संपलं. वर्कशॉपची जागा भाड्याने मागणाऱ्या गोदामवाल्याला किल्ली द्यायची, असा शब्द दिलाय मी.

सून: आणि बाईंना आवडलं तर वर्कशॉप मी चालवायचं, हाही शब्द दिलाय तुम्ही.

सासरे: दिलाय ना. पण माझं हे कामाचं टेबल मधोमध फाटलेलं, जळणात घालायच्या लायकीचं. तूच हट्टाला पेटलीस, फट भरते म्हणून.

सासू: अगं, थंडीत दही लागत नाही तेव्हा मी काय करते?

सून: भांडं गुंडाळून ठेवता.

सासू: आणि यांना स्वयंपाकघरात फिरकू देत नाही. झाकण उघडून बघायची खोड आहे यांना.

सून: आई, तुमच्या जुन्या चादरी द्या. दोऱ्या बांधून टेबलाभोवती तंबू करू. कापड रेझिनला लागायला नको, हीटरलाही नको. मी इथेच बसून राहते.

सासरे: आणि मी?

सासू: तुम्ही खिडक्या लावा. मग दाराबाहेर बसून पहारा करा. स्वतःवरच.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. दोऱ्यांवरून चादरी उतरवल्या आहेत.)

सून: आता लावा बोट.

सासरे: तूच लाव. माझी हिंमत नाही.

सून: टेबल तुमचं आहे, बाबा.

सासरे: बरं. घट्ट आहे. अगं, नखसुद्धा उमटत नाही.

सून: खरंच? रात्रभर मला वाटत होतं, गेलं सगळं हातातून.

सासू: सरका जरा, बघू दे. मेलं, आरपार दिसतंय की.

सासरे: थांब. तळाशी ते पिवळं काय आहे?

सून: तुमची पेन्सिल. फट साफ करताना सापडली. राहू दिली तिथेच.

सासू: हिच्यावरून घर डोक्यावर घेतलं होतंत. मी केरात टाकली म्हणालात.

सासरे: म्हणालो होतो.

सासू: आता नीट बघून घ्या. रोज बघा.

सून: बाई बाहेर फोनवर बोलतायत. काचेतून बघूनच म्हणाल्या, हेच हवं. घासून चमकवलं की टेम्पो पाठवतील.

सासरे: त्यांना सांग, हे मिळणार नाही.

सून: अहो बाबा, याच्यावरच तर सगळं ठरलं होतं.

सासरे: ठरलं तेच बोलतोय. बाईंना आवडलं, तू जिंकलीस. त्यांना म्हणावं, असंच दुसरं करून देऊ. थंडी आहे, जरा वेळ लागेल.

सून: आणि हे?

सासरे: हे इथेच राहील. मालकिणीला आराखडे मांडायला टेबल नको?

सासू: डोळे पूस गं. बाई बघतायत.

सून: संध्याकाळी गोदामवाला येईल, बाबा.

सासरे: येऊ दे. जागा रिकामी नाही म्हणून सांगेन. आणि पोरी, ते दार आधी लोटून घे. गारठा आत येतोय.