कोनाड्यातल्या दोन पुरचुंड्या

हॅलो?… दादा, निशिगंधा बोलते. लॅबमधनंच. येतंय का ऐकू? अंगणात ये ना जरा, आत रेंज नाय… हो, जेवले. अरे हो, जेवले म्हणते ना!

आई कुठंय?… पडलीये? बरं, झोपू दे. तुझ्याशीच बोलायचंय.

आबांनी माझ्यासाठी जपून ठेवलेला दगड… हो, तोच, आपल्या खळ्यात आकाशातनं पडलेला. त्याचा रिपोर्ट आला… नाय रे. आकाशातला नाय तो.

ओरडू नको, ऐक ना! आबांनी पडताना बघितला, माहितेय मला. आबा खोटं नाय बोलले. पण दगडात ऑक्सिजन असतो, हलका नि जड. पृथ्वीवरच्या दगडांत त्यांचं प्रमाण ठरलेलं. सूर्याभोवती अगदी सुरुवातीला झालेले जे दगड आकाशातनं पडतात, त्यांचं वेगळं येतं. याचं आपल्या नदीतल्या दगडासारखंच आलं… अरे, तीनदा केलं. तीनदा, दादा.

आता मला सांग, दहाव्याला नदीवर जाताना कोनाड्यातनं पुरचुंडी कोणी काढली?… तूच ना? तिथं दोन होत्या ना रे? एक माझ्या दगडाची, एक जीवखड्याची… दोन्ही पांढऱ्या फडक्यात. आठव ना!

…हो. माझ्या फडक्यात तीळ निघाला. काळा, एकच. मला वाटलं, आईच्या डब्यातला असेल.

म्हणजे काळू नदीत आपण आबांचा तारा सोडला. आणि आबा म्हणून दहा दिवस ज्याला तीळपाणी घातलं, तो मी बॅगेत घालून इकडं आणला.

तू नको रडू. मी ओळखायला हवं होतं, माझं कामच ते. पण आबांनी ठेवलेला म्हणून… डोळेच पुसत होते रे, नीट बघितला कुठं?

अख्खा?… नाय राहिला अख्खा. मशीनवर कापला. एका तुकड्याची पूड केली. दादा, मी आबांना कापलं रे…

उद्या पहाटेच निघते. सगळं आणते, पूडसुद्धा. काळूत सोडू. पण आईला यातलं काय सांगू नको हां. शपथ आहे तुला… हॅलो? दादा?

…आई? फोन स्पीकरवर होता? तू कधीपासनं ऐकतेस?

नाय गं… नाय. दुखलं नसेल त्यांना. थांबून थांबून, हळूच कापला मी… आई? आई, फोन ठेवू नको…