करंदीकर काकांचं अर्धं राहिलेलं भाषण

नमस्कार मंडळी. शनिवारची कामं टाकून, वाऱ्यात सायकली हाणत एवढे सगळे आलात. काका असते तर म्हणाले असते, "अरे, चुकून आलात की काय?" मला बोलणं जमेल असं वाटत नाही. पण बोलायलाच हवं. कारण मी त्यांना एकदा गप्प केलंय.

नेदरलँड्सला आल्यापासून काका आयंडहोवन शहरात कॉम्प्युटर-चिप बनवायच्या मशिनवर काम करायचे, इथे न्यूनेन गावात एकटे राहायचे. गेल्या आठवड्यात राहत्या घरीच वारले. पडदे उघडले नाहीत म्हणून शेजारच्या डच आजींनी बेल वाजवली. आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही. कुणालाच.

त्यांचा नाद तुम्हाला माहीत आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या पंडितांना इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. तरी त्यांनी तिच्यावरून तिथल्या धर्माच्या मोठमोठ्या आकृत्या काढल्या. वर्तुळात वर्तुळ, पंखांचा साप, कोणता देव कुणाच्या वर. जवळजवळ सगळं चूक! आणि काका त्याच आकृत्या तासन्तास बघत बसायचे. मी एकदा म्हटलं, "काका, चूकच आहे तर बघायचं कशाला?" म्हणाले, "अगं, वाचता येत नसताना कोण कुणाकडे इतका वेळ बघतं?" मी हसले आणि विषय बदलला.

मागच्या गणपतीत त्यांनी त्यावर भाषण ठेवलं. कार्यक्रम मी आखत होते; त्यांनी तास मागितला, मी अर्धा दिला. आणि पहिलीच आकृती पडद्यावर असताना उठून म्हटलं, "काका, पुलाव गार होतोय." तुम्ही हसलात. मीही हसले. काकांनी लॅपटॉप मिटला. "बरोबर आहे, आधी पोटोबा," म्हणाले, आणि रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभे राहिले.

परवा त्यांचं घर आवरताना त्या भाषणाचे कागद सापडले. एकोणीस पानं, हाताने लिहिलेली. समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'इथे हसतील.' पुढे, 'इथे मुलांना जवळ बोलवावं, डचमध्ये सांगावं.' आपल्या पोरांसाठी हा माणूस डच वाक्यं पाठ करत होता हो! आणि आपण? वर्षभरात एकाने तरी विचारलं का, काका, पुढे काय होतं?

शेवटच्या पानावर लिहिलंय, 'आता लोक प्रश्न विचारतील. पाच मिनिटं राखून ठेवावीत.'

काका, माझं चुकलं.

मंडळी, आज दोन मिनिटं नकोत. पाच मिनिटं उभे राहू या. ती त्यांची आहेत. ज्याला त्यांना जे विचारायचं राहिलं, ते मनातल्या मनात विचारा.