उंब्रजकरांच्या खिडकीखालचा गजर

मंडळी, देवाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, ते कोणाला ऐकू जावं म्हणून? देवाला? त्याला मनातलं कळतं, असं मीच तुम्हाला दर गुरुवारी सांगतो. आणि सांगतो कसं? ओरडून.

तर ऐका. आपल्या देवळासमोर उंब्रजकर राहतात. गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला — बुवा, घरी या, तुमच्या आवाजाचं काम आहे. मी उपरण्याला इस्त्री केली. हसताय काय? नातू झालाय, बारशाचं कीर्तन असणार, असं तुम्हालाही वाटलं असतं.

गेलो, तर दारात खिडकीवाला. प्लास्टिकच्या चौकटी, दुहेरी काच, मध्ये कोंडलेली हवा. नमुन्याला दोन खोल्यांत दोन खिडक्या बसवलेल्या — एक सरकती, एक दारासारखी उघडणारी. घरात बाळ-बाळंतीण, आणि देवळात माझं सुरू झालं की दोघांच्या डोळ्याला डोळा नाही. कुठली खिडकी घ्यावी, ठरत नव्हतं.

खिडकीवाला म्हणाला, "काका, ज्या आवाजाचा त्रास, त्याच आवाजावर तपासा."

उंब्रजकर खाली बघत म्हणाले, "म्हणूनच बुवांना बोलावलंय."

आता काय करता? राहिलो अंगणात उभा. सरकत्या खिडकीखाली गजर धरला. आतून बाळाचं रडणं आलं. मला वाटलं — चला, लेकराला भाव पोचला.

मग बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत गेली. मी त्या खिडकीखाली सगळा जीव ओतला, मंडळी. तान अशी घेतली की फाटकातलं कुत्रं उठून गेलं. आतून काही नाही. काचेतून पाहिलं — मांडीवर बाळ गाढ झोपलेलं, आणि सूनबाई भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपलेली. तोंड किंचित उघडं. किती दिवसांची झोप असेल ती!

उंब्रजकर बाहेर आले. "हीच घेतो. बुवा, फार उपकार झाले."

"काही ऐकू आलं?"

"एक अक्षर नाही," म्हणाले, आणि हातात नारळ ठेवला. इतक्या मनापासून मला आजवर कोणी नारळ दिलेला नाही.

पण नमुन्याच्या खिडक्या तो काढून घेऊन गेला, आणि नव्या बनून यायला महिना आहे. तोवर त्या पोरीनं काय करायचं? आणि आवाज माझा, तर काच तिनं का बसवायची? तुम्हीही घरी जाऊन बघा — तुमच्या भक्तीपायी, तुमच्या टीव्हीपायी, शेजारी कोण खिडक्या लावून बसलंय.

मी आज देवळावरचा कर्णा उतरवलाय. मागे ऐकू येत नसेल, त्यांनी पुढे या. पुढच्या रांगा नेहमीप्रमाणे रिकाम्याच आहेत.